सातबाऱ्यावरची रांग: पहिला बोजा कोणाचा?

आजचा भाग एका स्क्रीनशॉटमुळे झालाय. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका श्रोत्याने व्हॉट्सअॅपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवला. अकृषक प्लॉट, मालक एकच, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात दोन ओळी. पहिली एका बँकेच्या बोजाची, दुसरी एका पतसंस्थेच्या. खाली प्रश्न: “दादा, पतसंस्था लिलाव करते आहे. बाजारभावाच्या अर्ध्या किमतीत मिळतोय. घेऊ का?”

मी विचारलं, बँकेचं अजून किती येणं आहे? तर म्हणाला, ते बँकेचं आणि मालकाचं बघतील ना, मी तर पतसंस्थेकडून घेतोय.

राजेहो, इथेच सगळी मेख आहे. म्हणून आज बोजाबद्दल बोलू. इंग्रजीत ज्याला लियन म्हणतात, त्यातला सीनियर कोण आणि ज्युनियर कोण, हे आधी दहा मिनिटांत समजून घेऊ. मग चांदा जिल्ह्याच्या इतिहासात जाऊ, कारण ही रांग आपल्याकडे कशी लागली आणि दोनदा कशी मोडली, ती गोष्ट जास्त भारी आहे.

आकडे घेऊन बघा. समजा प्लॉटची किंमत ४० लाख. बँकेने २०१६ साली गहाण घेतलं, तिचे आज २८ लाख येणे आहेत. पतसंस्थेने २०१९ साली त्याच प्लॉटवर कर्ज दिलं, तिचे १५ लाख. एकूण ४३. प्लॉट ४० लाखांना विकला तर तीन लाख कमी पडतात. हे तीन लाख दोघांत वाटून सोसायचे का? अजिबात नाही. बँक आधी २८ पूर्ण उचलणार, उरलेले १२ पतसंस्थेला. भाव पडून प्लॉट ३० लाखांना गेला, तरी बँकेला २८च मिळणार आणि पतसंस्थेच्या हातात दोन लाख. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या ओळीत बसल्यावर जिलबी मिळेल की नाही हे वाढप्याच्या नाही, आधीच्या ओळींच्या भुकेवर ठरतं, तसं हे.

आता आपल्या श्रोत्याचा लिलाव. पतसंस्था दुय्यम आहे. तिच्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच ती विकू शकते, आणि तिचा हक्क बँकेच्या २८ लाखांच्या मागचा आहे. म्हणजे २० लाखांत घेतलेला प्लॉट डोक्यावर २८ लाखांचं ओझं घेऊन येतो. वीस आणि अठ्ठावीस, अठ्ठेचाळीस. चाळीसची वस्तू अठ्ठेचाळीसला! लिलावाच्या जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ हाच असतो. बँकेनेच लिलाव केला असता तर चित्र उलटं झालं असतं: पहिल्या बोजावाल्याने रीतसर, मागच्यांना सामील करून विक्री केली की मागचे बोजे जमिनीवरून उतरतात आणि उरलेल्या पैशावर जाऊन बसतात.

ही ‘जमिनीवरून उतरून पैशावर बसणं’ ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग दुसऱ्या नंबरवर उभं राहायला कोणी तयारच का होतं? एक तर व्याज जास्त मिळतं. आणि दुसरं, कायद्याने त्याला एक हत्यार दिलंय. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम सांगतो की मागचा गहाण घेणारा पुढच्याचे पैसे चुकते करून त्याच्या जागी उभा राहू शकतो. पतसंस्थेने बँकेचे २८ लाख भरले की ती त्या रकमेपुरती पहिली. पुढच्यालाही मोकळं रान नाही: बँकेने आधीच्याच गहाणावर मागाहून नवं कर्ज दिलं आणि ते मधल्या पतसंस्थेच्या पुढे सरकवायचं म्हटलं, तर चालत नाही. अपवाद एकच, पहिल्या दस्तातच कमाल मर्यादा लिहून ठेवली असेल आणि नवं कर्ज त्या मर्यादेत असेल तर.

अजून एक गोष्ट, कारण खूप जण यात फसतात. सातबाऱ्यावर कोणती ओळ वर आहे यावरून नंबर ठरत नाही. फेरफार उशिरा होतो, तलाठ्याकडे कागद नंतर पोचतो. साधारणपणे बघायचं ते दस्त कधीचा आहे हे. नोंदणी झालेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, करून दिल्याच्या दिवसापासून लागू होतो. म्हणून सातबारा बघून थांबू नका, दुय्यम निबंधकाकडे शोध घ्या.

बरं. आता मागे जाऊ.

१८५४ मध्ये नागपूरच्या भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे आला. चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून (गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला), फक्त राजुऱ्याकडचा भाग सोडून. राजुरा तेव्हा निजामाकडे, आदिलाबादेत. तो आपल्याकडे आला १९५६ नंतर, म्हणून तिथले जुने कागद वेगळेच दिसतात.

तोवर गावाचा पाटील सारा गोळा करायचा, सरकारला द्यायचा, स्वतःचा वाटा ठेवायचा. गाव त्याच्या ‘मालकीचं’ आहे आणि ते तो बाजारात विकू शकतो, असं काही नव्हतं. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात जमाबंदी करताना याच लोकांना मालगुजार म्हणून मालकी हक्क दिला. चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल मेजर लुसी स्मिथचा, १८६९ सालचा. माझ्या मते आपल्या जिल्ह्याच्या जमिनीच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वळण आहे, आणि शाळेत याच्यावर एक ओळ नसते. कारण मालकी आली की विकता येतं. विकता येतं ते गहाण टाकता येतं. आणि गहाण टाकता आलं की रांग लागते.

गावच्या मालकीचे हिस्से आण्यांत मोजायचे. अख्खं गाव म्हणजे एक रुपया, सोळा आणे. चार भावांत वाटणी झाली की प्रत्येकी चार आणे. एका भावाने आपले चार आणे एका सावकाराकडे गहाण टाकले, पुढे त्याच चार आण्यांवर दुसऱ्याकडून घेतलं. आजच्या भाषेत सीनियर आणि ज्युनियर, फक्त प्लॉट नंबरच्या जागी आणे-पैचा हिशोब. त्या आण्यांत शेती होती, पडीक होतं, झुडपी होतं, आणि आपले तलाव होते. सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरीकडे आज ज्यांना मामा तलाव म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव. तलावासकट गाव गहाण पडायचं.

पण या रांगेत सावकाराच्याही पुढे एक जण कायम उभा होता. सरकार. सारा थकला की सरकारचं येणं आधी, मग तुमचं गहाणखत कितीही जुनं असो. आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १६९ तेच सांगतं: त्या जमिनीच्या साऱ्याची थकबाकी हा जमिनीवरचा सर्वोच्च बोजा, गहाण, हुकूमनामा, जप्ती सगळ्यांच्या पुढे. अमेरिकेतही हेच आहे, तिथे घरपट्टी थकली की ती घराच्या कर्जाच्या पुढे जाते, आणि काही राज्यांत तर हा थकीत पट्टीचा बोजाच गुंतवणूकदारांना लिलावात विकतात. युट्यूबवर ‘टॅक्स लियन’चे व्हिडिओ बघून आपल्याकडे असं काही मिळतं का विचारणारे बरेच मेसेज येतात. नाही मिळत.

सारा ठरलेला, पाऊस मात्र ठरलेला नाही. धानाचा प्रदेश, पाऊस गेला की सगळं गेलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत मोडून पडला. सरकारच्या हप्त्यासाठी सावकाराकडे जायचं, म्हणजे पहिल्याचं देणं फेडायला दुसऱ्याकडून घ्यायचं. असं करत गावं हातची गेली. सावकाराची आवडती पद्धत होती सशर्त विक्रीची: कागदावर खरेदीखत, आणि तोंडी किंवा वेगळ्या चिठ्ठीवर शब्द की अमुक मुदतीत पैसे दिले तर जमीन परत. मुदत गेली की चिठ्ठी गायब. १९२९ मध्ये कायदा दुरुस्त करून सांगितलं गेलं की परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जाईल. हे शेतकऱ्यासाठी वरदान की शाप, यावर मी बराच विचार केलाय. न्यायालयातली भांडणं कमी झाली असतील, पण ज्याच्याकडे वेगळी चिठ्ठी होती त्याचं गहाण कायद्याने कायमची विक्री झाली. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला काय माहीत अट कोणत्या कागदावर लिहिली?

पुण्याकडे १८७५ मध्ये सुप्यात सावकारांचे कागद जाळले गेले आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, हे तुम्ही ऐकलं असेल. मध्य प्रांतात उशीर झाला. १९१६ मध्ये आदिवासी जमीनमालकांच्या हस्तांतरावर निर्बंध घालणारा कायदा आला. मग जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि १९३३ मध्ये कर्ज समेट कायदा. समेट मंडळं बसली, शेतकरी आणि सावकार समोरासमोर. त्यातलं एक कलम मला फार आवडतं: मंडळाने बोलावूनही सावकाराने मुदतीत आपल्या येण्याचा तपशील दिला नाही, तर ते कर्ज फिटलं असं धरायचं. रांगेत ये आणि वही उघड, नाहीतर नंबर गेला!

आता रांग पहिल्यांदा मोडली तो दिवस. ३१ मार्च १९५१.

चांदा तेव्हा मध्य प्रदेशात. त्या राज्याने १९५० चा मालकी हक्क संपुष्टात आणणारा कायदा केला, आणि त्या तारखेला मालगुजारी, जमीनदारी सगळी सरकारजमा झाली. मालगुजाराची घरची शेती त्याच्याकडे राहिली. तलाव, जंगल, पडीक, गावठाण सरकारकडे. कायद्यातले शब्द महत्त्वाचे आहेत: हे हक्क सरकारकडे येतील ते ‘सर्व बोजांपासून मुक्त’. आणि पुढे, त्या हक्कावर जे गहाण किंवा बोजा असेल तो आता नुकसानभरपाईच्या रकमेवरचा बोजा राहील.

आठवलं? जमिनीवरून उतरून पैशावर बसणं. फक्त इथे एका प्लॉटचं नाही, अख्ख्या जिल्ह्याचं झालं. सावकाराने कर्ज देताना डोळ्यासमोर गाव ठेवलं होतं, तलाव, जंगल, दरवर्षीचं उत्पन्न. एका रात्रीत त्याच्या हातात उरला सरकारने सूत्राप्रमाणे ठरवलेल्या भरपाईवरचा हक्क. त्यासाठी दावे अधिकाऱ्यापुढे जाऊन कर्ज सिद्ध करायचं. आता विचार करा, भरपाई थोडी आणि तिच्यावर दोन-तीन बोजे असतील तर कोण कोरडा राहणार? दुय्यमवाला. रांग तीच राहिली, ताट लहान झालं.

या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातले होते: अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव. निकालाच्या नावातच ते आहेत, ‘विश्वेश्वरराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’. अहेरी ही सिरोंचा तहसिलीतली चांद्याची नामांकित जमीनदारी. मे १९५२ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. तोवर संसदेने घटनेत पहिली दुरुस्ती करून नववी अनुसूची तयार केली होती आणि हा कायदा तिच्यात टाकला होता. घटनेचा अभ्यास करणाऱ्या, एमपीएससीवाल्या मंडळींनो, नववी अनुसूची पाठ करताना तिचा एक धागा अहेरीपर्यंत जातो हे ध्यानात असू द्या.

आणि ‘सर्व बोजांपासून मुक्त’ हे शब्द १९५१ मध्ये संपले नाहीत. चंद्रपूरमध्ये कोळशासाठी जमीन जाते ती बहुतेकदा १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याखाली, आणि त्यातही तेच: जमीन केंद्र सरकारकडे जाते ती बोजामुक्त. बल्लारपूर, माजरी, दुर्गापूर पट्ट्यातल्या पोरांना हे सांगायची गरज नाही. घरात चर्चा चालते ती एकराला किती मिळणार याची. सातबाऱ्यावर पीककर्जाचा, विहिरीच्या कर्जाचा बोजा असेल तर त्याचा मालक भरपाईच्या चेकपाशी येऊन उभा राहतो. घरात भावाभावांची वाटणी करायच्या आधी ही वजाबाकी करा. नंतर केली की भांडणं होतात.

दुसऱ्यांदा रांग मोडली १९७४ मध्ये, आणि ती वेगळ्या पद्धतीने.

६ जुलै १९७४ पासून महसूल संहितेत कलम ३६-अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा कशानेही परवानगीशिवाय जाणार नाही. कोर्टाच्या लिलावानेसुद्धा नाही. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणाला किंवा पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, बाकीच्याला राज्य सरकारची मान्यताही. शिवाय १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. म्हणजे १९५१ ने बोजे जमिनीवरून उचलून पैशावर ठेवले. १९७४ ने ही जमीनच खासगी सावकाराच्या रांगेबाहेर नेऊन ठेवली. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे आज कोणी ‘स्टॅम्पपेपरवर गहाण’ म्हणून आदिवासीची जमीन दाखवत असेल, तर पहिला बोजा की दुसरा हा प्रश्नच येत नाही. तिथे बोजाच नाही, तो नुसता कागद आहे. सुरजागडची खाण आणि कोनसरीचा प्रकल्प झाल्यापासून माझ्या फोनवर गडचिरोलीच्या जमिनीच्या जाहिराती येतात, म्हणून हे जोर देऊन सांगतोय.

याची दुसरी बाजू आहे आणि ती लपवू नये. जी जमीन विकता येत नाही तिच्यावर कर्ज कोण देणार? सरकार, सहकारी संस्था आणि बँकांकडे गहाण टाकायची वेगळी वाट कायद्याने ठेवली आहे, पण थकलं तरी जमीन बाहेर विकता येणार नाही हे बँकेला माहीत असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्याचंही तसंच: वारसाला जातो, विकता येत नाही. काही जण म्हणतात, हे निर्बंध काढा, पोरांना भांडवल मिळेल. मला ते पटत नाही. १८६० ते १९५० मध्ये हा प्रयोग होऊन गेलाय, भांडवल आलं आणि गाव घेऊन गेलं. पण कर्जाची दुसरी सोय न करता नुसती जमीन वाचवली, हेही खरं आहे.

आता आजच्या सातबाऱ्याकडे. शेतजमिनीवर तुम्हाला सगळ्यात जास्त दिसेल तो सेवा सहकारी संस्थेचा बोजा. १९६० च्या सहकार कायद्यानुसार तो पहिला, पण सरकारी महसुलाच्या आणि भूविकास बँकेच्या मागे, तारीख कोणाचीही आधी असो. भूविकास बँक आठवते? तुम्हाला नाही, आजोबांना विचारा. बँक कधीच बंद पडली, पण तिचे बोजे सातबाऱ्यावर तसेच, आणि त्यामुळे नवं कर्ज अडलेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्याने तिची सुमारे ९६४ कोटींची कर्जं माफ केली. तुमच्या घरच्या उताऱ्यावर ती नोंद अजून असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. कर्ज फिटलं किंवा माफ झालं म्हणून ओळ पुसलीच गेली असेल असं धरून चालू नका, उतारा काढून बघा.

अकृषक प्लॉट आणि फ्लॅटच्या बाबतीत सरकार कायम पहिलं, हा नियमही हललाय. २००२ च्या सरफेसी कायद्यात २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे बँकेने आपलं गहाण सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत नोंदवलं असेल, तर तिचं येणं सरकारी करांच्याही पुढे. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये विक्रीकराच्या थकबाकीबद्दल हेच सांगितलं. शेतजमिनीला सरफेसी लागू नाही, तिथे जुनी रांग चालू. सेरसाईवर थोडी फी भरून कोणालाही शोध घेता येतो. आणि मूळ कागद ठेवून घेतलेलं कर्ज सातबाऱ्यावर दिसत नसेल, तरी महाराष्ट्रात २०१३ पासून त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, तिथेही बघा.

ब्रह्मपुरीच्या त्या भावाला मी एवढंच सांगितलं: बँकेकडून आजच्या तारखेचं थकबाकीचं पत्र माग, आणि त्या आकड्याने लिलावाची किंमत मोज.

शेवटी एक राहिलं. १९५१ मध्ये सरकारजमा झालेल्या जमिनीत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली जमीनही होती. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचं सांगितलं, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपांसाठी वेगळी वाट ठेवली. त्यावर ज्यांची घरं, शाळा, दुकानं उभी आहेत त्यांचं काय, आणि तिथे दिलेल्या कर्जांचं काय, हे पुढच्या भागात. तुमच्या गावच्या जुन्या नोंदीत ‘झुडपी’ किंवा ‘झुडपी जंगल’ असा शब्द असेल तर त्याचा फोटो पाठवा. नाव आणि गट नंबर झाकून पाठवा.